मामाला स्ट्रॉबेरी

...आणि वर ती डॉक्टरीणबाई मलाच विचारते, "कासिमिरोभाऊ, हे रक्त कधीपासून येतंय?" अहो कधीपासून म्हणजे? तुम्ही सिगारेट सोडायला लावलीत तेव्हापासून! बावीस वर्षं ओढत होतो, दिवसाला वीस, खाणीत पाळी असली की पंचवीस, दात आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग खालचे तर पार गंजक्या खिळ्यांसारखे, पण रक्त? एक थेंब नाही. आणि सोडली मात्र... आठव्या दिवशी सकाळी पाव चावला, तर पावाला लाल कड. मी पाव उलटा करून बघितला, म्हटलं आत मुरंबा भरलाय की काय. मुरंबा नव्हता. मीच होतो तो.

सरका जरा, बसतो. तुमचा नंबर कितवा? नववा? मग निवांत ऐका, माझा सातवा आहे, आणि आत जो गेलाय त्याची दाढ काढतायत, म्हणजे अजून अर्धा तास कुठे गेला नाही. तर तुम्हाला सांगतो, त्या पावाकडे बघताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, आणि आलं ते आजतागायत गेलं नाही... तोंड माझं, पण दात कुणाचे?

आता तुम्ही म्हणाल, खाणीतल्या माणसाला दातांचं एवढं काय कौतुक? बरोबर आहे. आमच्याकडे पन्नाशीच्या माणसाला सगळे दात असले तर लोक विचारतात, का हो, काम करत नाही का? पण कसं आहे, खाणीत मी जातो पोटासाठी. मी मुळात ट्रम्पेटवाला. ओरुरोच्या कार्निव्हलला एकोणीस वर्षं वाजवतोय, पुढे मुखवट्यातले सैतान नाचतात, मागे आमचा बँड, सकाळी निघायचं ते चार किलोमीटर चढत चढत खाणीच्या तोंडावरच्या आईच्या, आम्हा खाणवाल्यांच्या देवीच्या, देवळापर्यंत. तिथं पायऱ्यांपाशी पोचलं की सगळा बँड गप्प होतो, आणि एकच ट्रम्पेट एक उंच सूर धरतं, सगळे सैतान आईपुढे वाकेपर्यंत. तो सूर माझा. माझ्या आधी माझ्या बापाचा. बापाच्या छातीत दगडाची धूळ बसली, तो खोकून खोकून गेला, आणि जाताना मला शेत दिलं नाही, घर दिलं नाही, तेवढा सूर दिला. त्या सुराला वरचे पटाशीचे दोन दात लागतात. बत्तीसातले बाकी तीस नसले तरी भागतं.

आणि नेमका त्यातला डावा हलायला लागला! आमचे बँडमास्तर आबेलार्दो, माणूस वाईट नाही, पण बोलतो असा की... (हनुवटी वर करून) "कासिमिरो, सूर गळतोय. छपरासारखा गळतोय. कार्निव्हलला दोन महिने आहेत. एक तर दात बसव, नाहीतर तू बस." म्हणून इथं आलो. ह्याच बाकावर. बाईंनी तोंडात आरसा घातला, आकडी घातली, मान हलवली आणि म्हणाल्या, "हिरड्या सडल्यात. सिगारेट आजपासून बंद. सोडलीत तर दात वाचेल कदाचित." कदाचित! कदाचित म्हणाल्या, तरी सोडली. त्या सुरासाठी मी बायको सोडली असती... नाही, हे घरी सांगू नका.

पहिले तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. भिंतीवर चढायचा बाकी होतो. चौथ्या दिवशी आमचा फाउस्तिनो, एकाच बोगद्यात ड्रिल मारतो आम्ही, खिशातून एक गुलाबी नळी काढतो. "घे गड्या, वेप आहे. ह्यात धूर नसतो." मी म्हटलं, मग काय असतं? म्हणाला, "वाफ! किटलीतनं येते ती. मला सांग, किटलीचे दात कधी पडलेत?" किटलीचे दात मी तरी कधी पडलेले बघितले नव्हते. घेतली. स्ट्रॉबेरीची होती. छप्पन्न वर्षांचा बाप्या, तोंडावर दगडाची धूळ, गालात कोकाच्या पानांचा तोबरा, आणि नाकातून स्ट्रॉबेरी... पण बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं.

इथपर्यंत सगळं माणसात होतं. पुढे शुक्रवार आला.

आमचा मामा तुम्हाला माहीतच असेल, वरच्या वस्तीतल्या लोकांना नसेल म्हणून सांगतो. जमिनीच्या वर देव, जमिनीच्या खाली मामा. कथील त्याचं, आम्ही नुसते काढणारे. तिसऱ्या वळणावर कोनाड्यात बसलेला असतो, मातीचा, माणसाएवढा, शिंगं, बाहेर आलेले डोळे, आणि तोंड कायम उघडं, कारण सिगारेट ठेवायला तोंड उघडंच लागतं. दात काचेचे. माझ्या आज्याच्या वेळच्या लोकांनी बाटली फोडून एक एक बसवलेले. दर शुक्रवारी पाळीच्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, त्याच्यापुढे बसायचं, पानं द्यायची, दारू शिंपडायची, आणि तोंडात पेटती सिगारेट ठेवायची. ती शेवटपर्यंत जळली, तर मामा खूश. अर्ध्यात विझली, तर त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. बापाच्या वेळी एकदा विझली होती, तरी तिघं गेले. त्यातले दोघं अजून आतच आहेत.

आणि ही सिगारेट पेटवायची कुणी? मी. आधी बाप, मग मी. काडी ओढून नुसती पेटवलेली त्याला चालत नाही, आपल्या तोंडात पेटवायची, पहिला झुरका आपला, मग तशीच उष्टी त्याच्या तोंडात. म्हणजे बघा, बावीस वर्षं मी आणि मामा एकाच सिगारेटवर. माझी बायको माझ्या कपातलं पीत नाही, पण मामा बिचारा माझं उष्टं ओढतोय.

आता मी सोडलेली. एक झुरका घेतला असता तर परत वीसवर गेलो असतो, मला मी माहीत आहे. फाउस्तिनोला म्हणू शकलो असतो, तू पेटव. पण त्याचं उष्टं मामाला चालेल का? आमच्या पाळीचे चारही जण माझ्याकडे बघतायत. मी मामाच्या तोंडाकडे बघितलं. काचेचे दात, पण धुरानं कसे झालेले... पिवळे, तपकिरी, खालचे पार काळे. अगदी माझेच! आणि मला, देवाशप्पथ सांगतो, त्याची दया आली. म्हटलं, मामा, तुलाही डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं असतं. चल, दोघं मिळून सोडू. आणि खिशातून गुलाबी नळी काढली, एक झुरका मी घेतला, आणि ठेवली त्याच्या तोंडात, डाव्या पटाशीच्या दातापाशी.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

त्या नळीला पुढे एक बारीक निळा दिवा असतो, ओढली की लागतो, सोडली की विझतो. आम्ही बसलोय... आणि दिवा लागला. सावकाश. विझला. मग परत लागला, जरा जास्त वेळ. विझला. आणि मामाच्या तोंडातून... थोडीशीच... स्ट्रॉबेरी. फाउस्तिनो घाईघाईनं म्हणतो, "वारा रे, वारा! बोगद्यातला वारा तोंडातून जातो, नळीला वाटतं कुणीतरी ओढतंय." असेल. मी कुठे नाही म्हणतो? फक्त समोर मेणबत्ती होती ना, तिची ज्योत सरळ उभी होती. जरासुद्धा हलत नव्हती.

नळी तिथंच राहिली. मामाच्या तोंडातलं परत कोण काढून घेणार? मी दुसरी आणली बाजारातून, तीही स्ट्रॉबेरी, कारण माणूस सवयीचा गुलाम. आणि पुढच्या चार दिवसांत सुरू झालं सगळं. पावाला रक्त, ते सांगितलंच. ट्रम्पेटच्या तोंडाला रक्त. पानांचा तोबरा थुंकला तर हिरव्यात लाल. आणि तोंड कोरडं! असं कोरडं की तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, ते खरंच पळालेलं, जीभ टाळूला चिकटून बसायची, जणू आतून कुणीतरी नळी लावून सगळं ओढून नेतंय. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मी वेप ओढत नसतानाही तोंडात स्ट्रॉबेरी यायची. घास घेताना. मास्तरांशी बोलताना. एकदा तर आईच्या देवळात, गुडघे टेकलेले असताना! मग पुढच्या शुक्रवारी मी मामाकडे नीट बघितलं, दिवा जवळ नेऊन बघितलं. त्याचे दात स्वच्छ होत होते. पिवळं गेलेलं, काच दिसायला लागलेली, नवी बाटली असते तशी. त्याचे उजळतायत, माझे हलतायत. मग तुम्हीच सांगा... तोंड माझं, पण दात कुणाचे?

बायकोला सांगितलं. एउसेबिया बाजारात पूजेचं सामान विकते, खाणीत कधी पाऊल ठेवलं नाही, बायकांना आत घेत नाहीत, पण मामाबद्दल आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त माहीत. तिनं कांदा चिरता चिरता ऐकून घेतलं. सुरी खाली ठेवली. "तू मामाला गोड दिलंस?" म्हटलं, अगं वाफ आहे ती. "कसली?" म्हटलं... स्ट्रॉबेरीची. "अरे मेल्या, गोड धरणीमायला देतात! साखरेच्या वड्या, रंगीत गोळ्या, हे सगळं तिचं. मामाला कडू. दारू कडू, पानं कडू, धूर कडू. शेंबडं पोरसुद्धा चुकणार नाही असलं काही! तिचा नैवेद्य तू त्याच्या तोंडात घातलास, आता त्यानं तुझ्यावर दात धरला तर नवल काय?" मी म्हटलं, मग करू काय? म्हणाली, "जा, ते लॉलीपॉप काढून आण. आणि जाताना तुझंही टाकून दे."

पण मी शहाणा ना! मी आधी इथं आलो. विज्ञानाकडे. बाईंना सगळं सांगितलं, मामाचं सोडून. तर त्या हसायला लागल्या. "अहो कासिमिरोभाऊ, हिरड्या आधीपासूनच आजारी होत्या. सिगारेटच्या धुरानं तिथल्या रक्ताच्या नळ्या आवळून धरल्या होत्या, म्हणून रक्त येत नव्हतं. दुखणं आत होतं, लपलेलं. आता धूर गेला, हिरडीत जीव आला, म्हणून ती रडते. ही चांगली खूण आहे." चांगली खूण! माझा पाव लाल होतोय आणि म्हणे चांगली खूण! मग म्हणाल्या, "पण दातांच्या मुळाशी ही नवी कीड कुठली? तोंड एवढं कोरडं का?" मी निमूटपणे नळी काढून दाखवली. बाईंनी ती हुंगली. "चोराला हाकललंत आणि त्याच्या धाकट्या भावाला घरात घेतलंत. धूर कमी असेल, पण निकोटीन तेच, त्यानं तोंड सुकतं, लाळ नाही म्हणजे दातांना राखण नाही, आणि वर हा गोड चिकटा दातावर बसतो. टाका ती." मग त्यांनी किटण खरवडलं, हलणारा दात बारीक तारेनं शेजारच्या दाताला बांधला, आणि बोट उगारून म्हणाल्या, "दोन महिने ट्रम्पेट नाही." मी म्हटलं, बाई, तीन आठवड्यांवर कार्निव्हल आहे. त्या म्हणाल्या, "मी दातांची डॉक्टर आहे, कार्निव्हलची नाही."

नळी टाकली. खरंच टाकली, ह्याच दारातल्या डब्यात. आणि राहिली ती मामाकडची.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी गेलो. एकटा. वळण घेतलं तर लांबूनच निळा दिवा दिसला. लागला... विझला... तुम्हाला सांगतो, असली नळी आठवडाभरसुद्धा चालत नाही, माझी तर पाच दिवसांत मरायची, आणि ही महिनाभर चालू! मी म्हटलं, मामा, चुकलो. तुझं नव्हतं ते. मला परत दे, तुझी कडू घे. दाताच्या कण्या केल्या नुसत्या. मग नळी धरली आणि ओढली. येईना. परत ओढली. आतून कुणीतरी चावून धरल्यासारखी! गोड पाक वाळून चिकटला असेल, फाउस्तिनो तेच म्हणतो. पाय कोनाड्याला लावला आणि जोरानं खेचली... आली. आणि तिच्याबरोबर कटकन आला मामाचा दात. वरचा. पटाशीचा. डावा.

माझी दातखीळ बसली. मी तो काचेचा तुकडा तळहातावर घेऊन उभा, आणि माझी जीभ आपोआप माझ्या दाताकडे गेली. तार होती. दात होता. पण तारेत तो असा लोंबत होता, जसा कुणीतरी तिथं तात्पुरता ठेवलाय आणि न्यायला येणार आहे. काच मी घाईनं त्याच्या पायाशी ठेवली, त्या दिवशी फाउस्तिनोनं स्वतः सिगारेट पेटवून दिली... आणि ती अर्ध्यात विझली. कुणी आत गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी परत विझली. तेव्हाही नाही. माझ्याशी कुणी बोलेना. मी समजून गेलो, मामा वाट बघतोय.

कार्निव्हलचा शनिवार. एउसेबिया म्हणाली, जाऊ नको. बाई आधीच म्हणाल्या होत्या. पण मास्तरांनी नुसतं विचारलं, "कासिमिरो, सूर धरशील ना?" आणि मी हो म्हटलं. काय करणार हो? त्या सुरापायी बापानं शेवटच्या वर्षी रक्त थुंकत थुंकत चढ चढला होता, आणि मी काय दाताच्या तारेला भिऊन घरी बसू?

दुपारी तीनला पायऱ्यांपाशी पोचलो. लख्ख ऊन. बँड गप्प झाला. समोर दोनशे सैतान, मोठमोठे मुखवटे, शिंगं, फुगलेले डोळे, काचेचे दात उन्हात चमकतायत. मी ट्रम्पेट ओठाला लावलं आणि सूर धरला. आणि बरोबर मध्यावर... तार तुटली. मला कळलं. दात सुटला, जिभेवर आला, आणि माझ्याच श्वासानं ट्रम्पेटच्या आत गेला. सूर थांबायला हवा होता की नाही? नाही थांबला! माझ्या फटीतून वारा जातोय, ओठ थरथरतोय, मी तर फुंकतही नव्हतो धड, आणि आतून असा सूर निघतोय, बारीक, लांब, बोगद्यातून वारा येतो ना तसा, खालून, फार खालून. सगळे सैतान वाकले. फक्त एक वाकला नाही. पहिल्या रांगेतला. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या मुखवट्याला वरचा डावा दात नव्हता, आणि उघड्या तोंडातून थोडीशी वाफ येत होती. आता मुखवट्याच्या आत कुणीतरी पोरगा वेप ओढत असेल, हल्ली सगळेच ओढतात. असेल. पण वास माझ्यापर्यंत आला... स्ट्रॉबेरी.

मग तोही वाकला. आणि सूर थांबला.

मास्तर धावत आले, डोळ्यांत पाणी. "कासिमिरो, चाळीस वर्षांत असा सूर ऐकला नाही. तुझ्या बापानंही काढला नव्हता." मी हसलो. तेव्हा त्यांना फट दिसली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की तो सूर शेवटचा. पुढच्या वर्षी मी झांजा वाजवणार आहे. झांजेला दात लागत नाहीत. वाईट वाटतं... फार वाईट वाटतं. बापानं एकच वस्तू दिली होती, तीही मी टिकवली नाही.

दात ट्रम्पेटच्या दुसऱ्या वळणात अडकला होता. काढला, धुतला, आणि शुक्रवारी घेऊन गेलो मामाकडे. कुणी सांगितलं नव्हतं. ओल्या मातीचा गोळा केला, त्याच्या फटीत दाबला, आणि माझा दात बसवला. अहो, काय बसला म्हणून सांगू! घासावा लागला नाही, वळवावा लागला नाही, जणू तिथूनच आणलेला. सगळे काचेचे लखलखीत, आणि मधे एक माझा, बावीस वर्षांचा तपकिरी. फाउस्तिनोनं सिगारेट पेटवली, ठेवली. शेवटपर्यंत जळली. ओळखीचा दात लागला ना. तेव्हापासून एकदाही विझली नाही, बोगद्यात सगळे पुन्हा माझ्याशी बोलतात, आणि मी उगाच कुणाला विचारत बसत नाही की तोंड माझं, पण दात कुणाचे... आता माहीतच आहे.

आज? आज खोटा दात बसवायला आलोय. पण मागच्या खेपेलाही शुक्रवार होता, आणि बाईंनी माझं तोंड उघडलं, नाक मुरडलं आणि आरसा खाली ठेवला. "कासिमिरोभाऊ, परत सुरू केलीत? धुराचा वास येतोय. असं असेल तर मी दात बसवणार नाही." मी आईची शपथ घेतली, बायकोची घेतली. त्या म्हणाल्या, "वास खोटं बोलत नाही."

आजही शुक्रवारच आहे. किती वाजले? दहा? ...थांबा. तिकडे फाउस्तिनोनं पेटवली असणार. आलीच बघा तोंडात, कडू. आणि नेमका आत्ताच माझा नंबर पुकारतायत. आता बाईंना काय सांगू हो? सिगारेट मी सोडली, वेपही सोडला, पण बाई, दात ऐकत नाही.